दात पडतात ते वयामुळे नव्हे

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पालक मेळाव्यात बोलायचे म्हणजे अभ्यास, परीक्षा, शिस्त आणि मोबाइल हे ठरलेले विषय. मी मात्र आज तुमच्याशी म्हाताऱ्या माणसांच्या दातांविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. बी.एड. झालेला, वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी घेणारही नाही. परंतु आपल्या घरांतून रोज दिसणारी एक गोष्ट आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ताप आला की आपण डॉक्टरकडे नेतो, बी.पी.ची गोळी वेळेवर देतो, मोतीबिंदू पिकला की शिबिरात नेऊन ऑपरेशन करून आणतो. त्यांच्या तोंडात मात्र आपण कधी पाहत नाही. दात दुखतो म्हणाले की लवंग देतो, हलतो म्हणाले की "पडेल आपोआप" म्हणतो. आणि ती माणसेही तक्रार करीत नाहीत. "अब उमर हो गई बेटा," एवढे म्हणून गप्प बसतात.

माझे आजचे सांगणे याच एका वाक्याविरुद्ध आहे. केस पांढरे होतात ते वयामुळे. डोळ्यांना चाळिशी लागते तीही वयामुळे. पण दात वयामुळे पडत नाहीत. ते आजारामुळे पडतात, आणि तो आजार बहुतेक वेळा टाळता येतो.

हा आजार कसा होतो ते समजून घ्या, कारण ते समजले की पुढचे सगळे सोपे आहे. जेवणानंतर दातांवर, विशेषतः दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला, एक चिकट थर जमतो. नखाने खरवडला तर पांढरट दिसतो. त्यात जंतू असतात. तो रोज काढला तर काही बिघडत नाही. राहू दिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत दगडासारखा घट्ट होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. ते ब्रशाने निघत नाही, दातवणाने निघत नाही, कोणत्याही मंजनाने निघत नाही. त्याच्या खाली हिरडी सुजते, लाल होते, दात घासताना रक्त येते. इथे बहुतेक माणसे एक उलटी गोष्ट करतात. रक्त येते म्हणून त्या जागी घासायचेच बंद करतात. मग थर आणखी वाढतो, हिरडी दातापासून सुटू लागते, आणि ज्या हाडात दाताचे मूळ रोवलेले असते ते हाड हळूहळू झिजते. हे सगळे बहुधा न दुखता होते. दात हलू लागतो तेव्हा माणसाला कळते, आणि तोपर्यंत वीस-पंचवीस वर्षे गेलेली असतात. चाळिशीत सुरू झालेला आजार पासष्टीला दिसतो आणि आपण त्याला म्हातारपण म्हणतो!

यावर कोणी म्हणेल, "सर, हे पुस्तकातले झाले. सगळ्या जगात म्हातारी माणसे बोळकीच असतात." तसे नाही. जपान देशात १९८९ साली सरकारने आणि तिथल्या दंतवैद्यांनी एक मोहीम सुरू केली. तिचे नाव होते '८०२०', म्हणजे ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. त्या वेळी ऐंशीच्या घरातील दहा माणसांत एकाचेसुद्धा तेवढे दात शिल्लक नव्हते. २०१६ साली तिथे पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक माणसांचे वीस दात शाबूत निघाले. सत्तावीस वर्षांत जपानी माणसाचे वय काही उलटे फिरले नाही, उलट ती माणसे अधिकच जगू लागली. बदलली ती दातांची निगा. वीस हा आकडाही उगाच धरलेला नाही. साधारण तेवढे दात असले की माणूस नेहमीचे जेवण चावून खाऊ शकतो. एरवी जगभरचे चित्र काही फार चांगले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सुमारे तेवीस जणांच्या तोंडात एकही दात नाही.

मागच्या वर्षी मी नववीच्या वर्गाला एक स्वाध्याय दिला होता. घरातील सर्वांत वडील माणसाला उजेडात बसवायचे, बॅटरीने त्यांचे तोंड पाहायचे, दात मोजायचे, कोणता दात हलतो, कुठे दुखते, जेवताना काय सोडून देतात हे विचारायचे आणि वहीत लिहून आणायचे. मुलांना आधी हसू आले. एका आजोबांनी तर नातवाला काठी घेऊन पिटाळले. पण पुढच्या सोमवारी वह्या आल्या तेव्हा त्या तपासताना मला हसू आले नाही.

एका मुलीने लिहिले होते की तिची दादी सहा महिन्यांपासून भाकरी नको म्हणते, चहात खारी बुडवून खाते. घरच्यांना वाटे, भूक मेली. नातीने पाहिले तर खालच्या बाजूला दोन दाढांची नुसती मुळे उरलेली आणि त्यांतल्या एकीभोवती हिरडी सुजलेली. दादीची भूक मेली नव्हती, तिला चावता येत नव्हते. मुळे काढल्यावर पंधरा दिवसांनी दादी वरणात चुरलेली भाकरी खाऊ लागली. दुसऱ्या एका मुलाने लिहिले, "दादा डाव्या गालात तंबाखू ठेवतात. तिथे आत पांढरा चट्टा आहे. पुसून निघत नाही." एवढेच. ते वाचून मी त्या दिवशी मधल्या सुट्टीतच त्याच्या वडिलांना फोन केला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा अजून कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवरची खूण आहे, तंबाखू आजच सुटली पाहिजे आणि दर थोड्या महिन्यांनी दाखवायला यायचे. चौदा वर्षांच्या मुलाने बॅटरी धरली म्हणून ते कळले. दादांना स्वतःला तो चट्टा कधी जाणवलाच नव्हता, कारण तो दुखत नव्हता.

आता तंबाखूवर आलोच आहोत तर थोडे थांबू. आपल्या भागात बिडी-सिगारेटपेक्षा तोंडात ठेवण्याची तंबाखू अधिक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रौढ माणसांमागे जवळजवळ एक माणूस धूर न काढणारी तंबाखू वापरताना आढळला. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि तो कुठे मिळतो हेही तुम्हाला माहीत आहे. पुरुषांचे हे उघड दिसते. बायकांचे दिसत नाही. कितीतरी घरांतून आजी, मावशी, काकू सकाळी उठून मिश्री लावतात, कोणी तपकीर दातांना चोळतात, आणि याला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात! मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. पण घरी तव्यावर भाजून केलेल्या मिश्रीला कायदा कुठून अडवणार? मिश्री लावली की दुखणे थांबते असे त्या सांगतात. थोडा वेळ हिरडी बधिर होते, हे खरे. आजार आत चालूच राहतो आणि वर तंबाखूचे विष रोज त्याच जागी मुरते. सुपारीचेही तसेच. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, निर्दोष असे पुष्कळ जण समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. सुपारी सतत चघळणाऱ्याचे गाल आतून ताठ होतात, तिखट सोसेनासे होते, तोंड उघडेनासे होते.

विद्यार्थी मित्रांनो, याची परीक्षा सोपी आहे. तीन बोटे उभी एकावर एक धरा आणि ती तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. तसेच दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, जिभेवर किंवा गालात लागणारी गाठ, कारण नसताना ओठाला आलेली बधिरता, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती औषध करत बसू नका. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. आपल्याकडची माणसे उशिरा जातात म्हणून मरतात.

आता रोजच्या निगेविषयी. मिसवाक करण्याची शिकवण आपल्या घरांत आहे आणि वुजू करताना चूळ भरण्याची सवयही आहे. म्हणजे दिवसातून अनेकदा तोंड स्वच्छ करण्याचा पाया आपल्याकडे आधीच घातलेला आहे. पण मी पाहतो की मिसवाक बऱ्याच वेळा पुढच्या सहा दातांवरून फिरते आणि खिशात जाते. दात पुढे सहा असले तरी चावण्याचे काम मागच्या दाढा करतात, आणि आधी पडतात त्या बहुधा दाढाच. मिसवाक असो, कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी असो, तिचे टोक चावून कुंच्यासारखे मऊ करा, झिजलेला भाग रोज कापून टाका, आणि दाढांच्या आतल्या बाजूने, जिभेकडच्या बाजूने फिरवा. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांना ते जमत नाही त्यांनी मऊ ब्रश घ्यावा. दोन्हींत भांडण नाही. ब्रशाची मूठ बारीक असल्याने म्हाताऱ्या बोटांत धरता येत नसेल तर तिच्याभोवती जुने फडके गुंडाळून जाड करा, हा साधा उपाय आहे. ब्रश आडवा करवतीसारखा ओढू नका, त्याने दात हिरडीजवळ कापल्यासारखे झिजतात. राखुंडी, विटेची पूड आणि भरड मीठ यांनीही तेच होते. दात पांढरे दिसतात, कारण वरचे कवच घासून गेलेले असते.

पेस्ट फ्लोराइड असलेली घ्यावी. म्हाताऱ्या माणसांना तिची गरज जास्त आहे, कारण त्यांची हिरडी मागे सरकलेली असते आणि दाताचे मूळ उघडे पडलेले असते. मुळावर दातासारखे कठीण कवच नसते, त्यामुळे ते लवकर किडते. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जादा असते आणि त्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, हे खरे. म्हणून लहान मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती थुंकायला शिकवावे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडील खारपाणपट्ट्यातील मंडळी मला सांगतात की आमचे दात खाऱ्या पाण्याने गेले. त्या पाण्याविषयीची त्यांची तक्रार रास्त आहे, तिच्यासाठी ते वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. पण हिरडीतून येणाऱ्या रक्ताचे खापर पाण्यावर फोडू नका. त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या दातांत फरक असतोच ना?

घासण्याची सर्वांत महत्त्वाची वेळ कोणती? सकाळ नव्हे, रात्र. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. लाळेची किंमत आपल्याला कळत नाही. तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, ती दात धुते, आंबटपणा मारते. बी.पी.च्या, मनाच्या आजाराच्या, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ आटते. तोंड सुके पडते, कोरडा घास गिळत नाही, दात भराभर किडतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचे. घोट-घोट पाणी प्यायचे. तोंडाला ओल यावी म्हणून दिवसभर पेपरमिंट किंवा खडीसाखर चघळणारे आजोबा मी पाहिले आहेत. तो तर किडीला दिलेला नैवेद्य झाला.

आणि चहा! इथे एक दुष्टचक्र आहे, ते सुनांनी आणि मुलींनी नीट लक्षात घ्यावे. दात दुखू लागले की म्हातारे माणूस आधी काय सोडते? भाकरी, कच्चा कांदा, काकडी, पेरू, शेंगदाणे, गोश्त. मग खाते काय? चहा-बिस्कीट, चहा-टोस्ट, केळे, शिरा. म्हणजे गोड आणि चिकट. त्याने उरलेले दातही किडतात आणि अंगातील ताकदही जाते. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण आपण हसून म्हणतो. पण ज्या घरात मुले कमावती झाली, चणे विकत घ्यायची ऐपत आली, त्याच घरात आई-वडील चहात टोस्ट बुडवून दिवस काढतात, ही काही हसण्याची गोष्ट नाही. दात नीट होईपर्यंत जेवण मऊ करा, पण गोड करू नका. घट्ट वरण, मऊ खिचडी, उकडलेले अंडे, बारीक केलेला खिमा, दह्यात भिजवलेली भाकरी, शिजवून घोटलेली भाजी असे कितीतरी करता येते.

रमजानमध्ये पुष्कळ वडील मंडळी दिवसभर तोंडाला वास येतो म्हणून कष्टी होतात. पेस्टचा प्रश्न असेल तर तो आपल्या मौलाना साहेबांना विचारावा, तो माझा प्रांत नाही. मी एवढेच सांगेन की तरावीहनंतर झोपण्यापूर्वी एकदा आणि सहरी झाल्यावर वेळ संपण्याआधी एकदा नीट घासले, जिभेवरचा थर काढला, तर दिवस पुष्कळ सुखाचा जातो. सहरी उरकून लगेच आडवे होण्याच्या घाईत हेच राहून जाते.

मधुमेहाविषयी वेगळे सांगावे लागेल, कारण आता दर दोन-तीन घरांआड एक तरी मधुमेही आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर करतो, आणि हिरड्यांत पू असला की साखर आटोक्यात राहत नाही. दोन्ही बाजूंनी हे चालते. साखर का उतरत नाही म्हणून गोळ्या वाढवत बसलेल्या माणसाने एकदा हिरड्या दाखवून पाहाव्यात.

आता भीतीविषयी बोलू. दातांच्या डॉक्टरकडे न जाण्याची दोन कारणे मी नेहमी ऐकतो. एक, "वरचा दात काढला की नजर जाते." हे साफ खोटे आहे. पाहण्याची नस वेगळी, दाताची नस वेगळी, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. वरचे दात काढायची वेळ आणि नजर अधू व्हायची वेळ एकाच वयात येते, म्हणून आपण दोन्हींची गाठ घातली. दुसरे कारण, "दात साफ करून घेतले की हलायला लागतात." यामागचे खरे असे आहे की कीटणाने ते दात लिंपल्यासारखे एकमेकांना धरलेले असतात. ते निघाले की आधीच सैल झालेला दात सैल आहे हे कळते, आणि कीटणाने भरलेली फट मोकळी दिसते. साफ केल्याने हिरडीची सूज उतरते आणि दाताचे आयुष्य वाढते.

आणि ही काही नवी विलायती गोष्ट नाही. इतिहासाचा मास्तर म्हणून मला इथे थोडे विषयांतर करू द्या. दहाव्या-अकराव्या शतकात अंदलूसमध्ये, कुर्तुबा शहराजवळ, अबुल कासिम अल्-जहरावी नावाचा थोर शल्यवैद्य होऊन गेला. त्याने आपल्या 'अत्-तसरीफ' या ग्रंथात दातांवरचे कीटण खरवडून काढण्याविषयी लिहिले आणि त्यासाठी लागणाऱ्या निरनिराळ्या हत्यारांची चित्रेही काढून दिली. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीतही त्याने सांगितली. एक हजार वर्षांपूर्वी! आपल्या देशापुरते पाहायचे तर आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते डॉ. रफीउद्दीन अहमद. १८९० चा त्यांचा जन्म, पूर्व बंगालमधला. अलीगढला शिकले, अमेरिकेत जाऊन आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली, आणि परत येऊन १९२० साली कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. त्या काळी दात दुखला की न्हावी किंवा बाजारातला दात उपटणारा, एवढीच लोकांची धाव होती. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळतात. इथे बसलेल्या मुला-मुलींपैकी कोणाला डॉक्टर व्हायचे असेल आणि एम.बी.बी.एस.चे गुण थोडक्यात हुकले म्हणून कोणी बी.डी.एस.ला दुय्यम म्हणत असेल, तर त्याला हे नाव सांगा.

१९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. नोंदणी असलेल्या दंतवैद्याशिवाय दुसऱ्याने हा धंदा करायचा नाही. तरी आठवडी बाजारात फडक्यावर दात आणि कवळ्या मांडून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. स्वस्तात "पक्का" दात बसवून देतो म्हणून तो लाल मसाला हिरडीवरच थापून शेजारच्या दातांना चिकटवतो. तो दात काढून धुता येत नाही. त्याखाली अन्न सडते आणि ज्या चांगल्या दातांच्या आधाराने तो बसवला तेही जातात. दात गेले असतील तर कवळी जरूर बसवून घ्या, पण योग्य माणसाकडून.

कवळीविषयी पुष्कळांची निराशा होते, ती घाईमुळे. नवी कवळी म्हणजे नवी चप्पल. पहिले काही दिवस टोचते, लाळ सुटते, बोलणे बोबडे येते. मऊ पदार्थ छोटे घास करून, दोन्ही बाजूंनी चावायला सुरुवात करावी. टोचते तिथे घरी कानस लावू नये, डॉक्टरकडून घासून घ्यावी. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांनाही विसावा लागतो. रात्रंदिवस घातली तर टाळूला बुरशी धरते, आग होते. धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. ब्रश आणि साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडी होते. काही वर्षांनी जबडा झिजतो आणि कवळी सैल होते. ती पुन्हा बसवून घ्यावी लागते. नवऱ्याच्या मयतीनंतर त्याची कवळी बायकोला लावून पाहिल्याचे मी ऐकले आहे. हसू नका, गरिबीतून माणूस असेही करतो. पण प्रत्येक जबड्याचा साचा वेगळा.

ज्यांच्या घरी लकव्याने किंवा आजाराने कोणी अंथरुणाला खिळले आहे, त्यांना एक विनंती. दात नसले तरी तोंड धुवावे लागते. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडातील घाण श्वासाबरोबर छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. डोके आणि खांदे उशीने उंच करा, मान एका कुशीला वळवा, बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळून हिरड्या, गाल आणि जीभ हलक्या हाताने पुसा. दिवसातून दोनदा. पाणी ओतू नका.

दाताच्या दुखण्याला लवंगेचे तेल कापसावर घेऊन लावले तर घटकाभर चालेल. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, चामडी जळते. किडलेल्या दातात तंबाखू भरू नका. आणि जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. दाताचा पू मानेत उतरला तर जिवावर बेतते.

बाकी वेळी घाई नाही. वर्षातून एकदा, काही तक्रार नसली तरी, तोंड दाखवून यावे. आधी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा खामगावचे सामान्य रुग्णालय आहे. मोठे काम निघाले तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला. रक्त पातळ होण्याची गोळी, मधुमेह, हृदयात बसवलेली झडप किंवा स्टेंट, यांतले काही असेल तर दात काढण्यापूर्वी आवर्जून सांगा, आपल्या मनाने गोळी मात्र थांबवू नका. जुनी कवळी असेल तर तीही डब्यात घालून न्या. सकाळी नाश्ता करून निघा, उपाशी जाऊ नका. आणि दादा-दादींना एकटे एस.टी.त बसवून देऊ नका, नववी-दहावीचा एखादा मुलगा किंवा मुलगी बरोबर जाऊ द्या. त्या दिवसाची गैरहजेरी मी माझ्या वर्गात मांडणार नाही.